मोकळी सरकारी जागा महापालिकेकडे आणायची तर: मुंबईकरांसाठी पहिल्यापासूनची वाट

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. तारेचं कुंपण तीन ठिकाणी तुटलेलं, आत गुडघाभर गवत, कोपऱ्यात कुणाकुणाच्या फ्लॅटदुरुस्तीचं डेब्रिज आणि दर्शनी बाजूला गंजलेली पत्र्याची पाटी. पाटीवरचं 'सदर जागा' आणि 'कायदेशीर कारवाई' एवढंच वाचता यायचं. मालकाचं नाव नेमकं गंजात गेलेलं. पोरं तिथेच खेळायची, पावसाळ्यात साप निघू लागले की घरोघरी हाका मारून त्यांना आत घ्यावं लागायचं.

तीन वर्षं आम्ही सोसायट्यांच्या सह्या गोळा करून पत्रं लिहिली. 'ही जागा आम्हाला मैदानासाठी द्या.' आवक क्रमांक मिळायचा, उत्तर यायचं नाही. मग एका कार्यालयातल्या जुन्या अव्वल कारकुनांनी आम्हाला समोर बसवलं, आमचं पत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही मागून ही फाइल उघडणारच नाही. मागणारी महापालिका हवी. तुम्ही तिला मागायला लावा." आमची तीन वर्षं ज्या एका गोष्टीपायी गेली, ती ही. शासन स्थानिक संस्थेला जमीन देतं, त्यासाठी त्या संस्थेचा लेखी प्रस्ताव लागतो. रहिवाशांचं काम तो प्रस्ताव घडवण्याचं, आणि घडल्यावर तो पडून राहू न देण्याचं. नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी पुढचं सगळं लिहितोय.

आधी 'सरकारी' म्हणजे कुणाची ते शोधा

मुंबईत 'सरकारी जागा' हा शब्द फार फसवा आहे. रेल्वे, संरक्षण खातं, विमानतळ प्राधिकरण, मुंबई बंदर, मिठागर आयुक्त ही सगळी केंद्राची मंडळी. त्यांच्या जमिनीला हा लेख लागू नाही, तो रस्ता दिल्लीतून जातो. म्हाडाची (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची) जमीन म्हाडाची, तिथे वेगळं दार. राज्याच्या जमिनीतही दोन तऱ्हा आहेत. काही थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात, काही पूर्वी एखाद्या खात्याला दिलेल्या असतात: सार्वजनिक बांधकाम, दुग्धविकास, आरोग्य, पोलीस. खात्याकडे असलेली जमीन त्या खात्याने 'आम्हाला गरज नाही' असं लिहून दिल्याशिवाय सहसा हलत नाही. म्हणून ही फोड पहिल्या आठवड्यातच करून घ्या.

मालकीचा घोळ किती महागात पडतो ते कांजूरमार्गला दिसलं. ऑक्टोबर २०२० मध्ये उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी तिथली १०२ एकर जमीन मेट्रो कारशेडसाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) दिली. ही जमीन आमची, असं म्हणत मिठागर आयुक्तांमार्फत केंद्र सरकार न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. एवढी मोठी योजना, राज्य सरकार मागे उभं, तरी जमीन कुणाची या एका प्रश्नावर अडली. तुमच्या अर्ध्या एकराच्या मैदानाचंही तेच होऊ शकतं.

दुसरी गोष्ट, जिल्हे दोन आहेत. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत मुंबई शहर जिल्हा, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टातल्या जुन्या जकातघरात. वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे दहिसर-मुलुंडपर्यंत मुंबई उपनगर जिल्हा, १९९० साली वेगळा झालेला. त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला शासकीय वसाहतीत, आणि त्याखाली अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन तालुके. महापालिका एकच असली तरी महसुलाचं दार चुकलं की पत्र महिनाभर इकडून तिकडे फिरतं.

नंबर आणि कार्ड

जागेचा नंबर मिळाल्याशिवाय कुणाशीही बोलू नका. 'शाळेच्या मागचं ग्राउंड' हा पत्ता सरकारी कागदाला कळत नाही. शहरात सी. एस. नंबर आणि विभागाचं नाव लागतं (माझगाव, परळ-शिवडी, दादर-नायगाव वगैरे). उपनगरात सी. टी. एस. नंबर (मराठी कागदांत नगर भूमापन क्रमांक, न. भू. क्र.) आणि मौजेचं नाव. मौजे म्हणजे जुनं गाव, आणि ते आजच्या स्टेशनच्या नावाशी जुळेलच असं नाही. गोरेगावात राहणाऱ्याची जागा कागदावर 'पहाडी गोरेगाव'मध्ये निघते. नंबर ठाऊक नसेल तर शेजारच्या इमारतीचा घ्या, तो तिच्या मंजूर नकाशावर किंवा कन्व्हेयन्सच्या (जमीन सोसायटीच्या नावे केल्याच्या) कागदात असतो. मग नगर भूमापन कार्यालयात नकाशावर त्याला लागून काय आहे ते बघा.

त्यानंतर मालमत्ता पत्रक काढा, म्हणजे ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर ते बघता येतं, पण प्रस्तावाला जोडायला डिजिटल सहीची किंवा कार्यालयाची प्रमाणित नक्कल घ्या. वरचं क्षेत्र आणि धारकाचं नाव बघून कार्ड मिटू नका. खालच्या नोंदी तारखेवार वाचा. कुणाला कधी भाडेपट्ट्याने दिली होती, पट्टा संपला का, एखाद्या खात्याकडे वर्ग झाली का, न्यायालयाचा काही शेरा आहे का, हे सगळं तिथे असतं. आमचं एक मैदान म्हणून जे दिसत होतं ते कागदावर तीन नंबर निघाले. दोन शासनाचे, आणि मधली जेमतेम एका रिक्षाच्या रुंदीची पट्टी खासगी नावावर. ती पट्टी आधी कळली म्हणून बरं. प्रस्तावातून ती वगळली आणि प्रवेश दुसऱ्या बाजूने दाखवला. नंतर कळली असती तर मोजणीच्या दिवशी सगळं थांबलं असतं.

डी. पी. रिमार्क काय म्हणतो

आता महापालिकेकडे वळा. नंबर टाकून विकास नियोजन विभागाचा डी. पी. रिमार्क काढा, म्हणजे विकास आराखड्यात (डी. पी.) त्या जागेवर काय दाखवलंय त्याचा लेखी शेरा, तो ऑनलाइन शुल्क भरून मिळतो. सध्या लागू आहे तो विकास आराखडा २०३४, १ सप्टेंबर २०१८ पासून. त्यात तुमच्या जागेवर मैदान, उद्यान, शाळा, दवाखाना असं काही आरक्षण आहे का, रस्त्याची रेषा जाते का, ते कळतं.

इथे नवीन माणसाचा एक हमखास गैरसमज होतो. 'आराखड्यात मैदान दाखवलंय म्हणजे ते महापालिकेचं झालं' असं वाटतं. तसं नाही. आरक्षण म्हणजे ती जागा कशासाठी वापरायची ते ठरलं, मालक तोच राहतो. जमीन शासनाची असेल तर ती शासनाकडून वेगळी मागून घ्यावी लागते. मुंबईत कित्येक जागा अशा आहेत की आरक्षण एका आराखड्यातून दुसऱ्या आराखड्यात आलं आणि ताबा मात्र कुणी मागितलाच नाही.

आरक्षण तुम्हाला हवं तेच असेल तर निम्मं काम झालं. काहीच नसेल, किंवा वेगळंच असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो: महापालिकेचा ठराव, जाहीर सूचना, एक महिना हरकती-सूचना, मग शासनाची मंजुरी. हे लांबतं. माझं मत विचाराल तर, आरक्षण दवाखान्याचं असेल आणि तुम्हाला बाग हवी असेल, तर आधी आसपास दवाखाना आहे का ते प्रामाणिकपणे बघा. बागेच्या हट्टापायी वस्तीचा दवाखाना घालवू नये.

जागा खाडीकाठची असेल तर सागरी किनारा नियमन आणि तिवरं तपासा. तिवरांपासून ५० मीटरच्या पट्ट्यात उच्च न्यायालयाने बांधकामाला बंदी घातलेली आहे, आणि शासकीय जमिनीवरची तिवरं वन म्हणून संरक्षित आहेत. अशी जागा 'पडीक' नसते. ती मागूच नका.

रिकामी दिसते, पण रिकामी आहे का?

यासाठी माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. 'सदर जागेबाबत सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही. असं विचारा:

'मौजे अमुक, न. भू. क्र. अमुक या शासकीय जमिनीबाबत (१) ती सध्या कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे त्या आदेशाची प्रत, (२) ती कोणासही प्रदान करण्याचा किंवा भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव प्रलंबित असल्यास त्याची प्रत, (३) अतिक्रमणाबाबतचा शेवटचा पंचनामा, (४) प्रलंबित न्यायालयीन प्रकरणांचे क्रमांक.'

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मोकळी सरकारी जमीन मुंबईत तुमची वाट बघत थांबत नाही. कुर्ल्याच्या नेहरूनगरची मदर डेअरीची सुमारे २१ एकर जागा आठवा. तिथे मोठं उद्यान व्हावं अशी स्थानिकांची मागणी होती, आणि २०२४ मध्ये शासनाने ती जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय घेतला. लोक रस्त्यावर उतरले ते त्यानंतर. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर महसूल व वन विभागाचे निर्णय महिन्यातून एकदा तरी चाळायची सवय लावून घ्या, गावाचं नाव टाकून शोधता येतं.

भाडेपट्टा संपलेल्या जमिनींकडेही लक्ष असू द्या. महालक्ष्मी रेसकोर्सचा पट्टा २०१३ मध्ये संपला. काही भाग राज्याचा, काही महापालिकेचा अशा त्या सुमारे २११ एकरांचा निकाल लागायला २०२४ उजाडलं. १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर पुन्हा रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबला भाडेपट्ट्याने. पट्टा संपणं आणि जमीन लोकांच्या वापरात येणं यांत दहा-अकरा वर्षं गेली.

जागेवर माणसं राहत असतील तर

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. सह्यांच्या पत्रात बऱ्याचदा एक ओळ शिरते: 'सदर जागेवरील झोपड्या हटवून मैदान करावे.' ती ओळ लिहिण्याआधी त्या झोपड्यांत जाऊन या. १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र झोपडीधारकाला मोफत पुनर्वसन आहे, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क. म्हणजे कायद्यानेही तो प्रश्न बुलडोझरने सुटत नाही, आणि पुनर्वसनाची योजना आत असेल तर तुमचा प्रस्ताव तिथेच थांबतो. आमच्या जागेच्या कडेला चार कुटुंबं होती. त्यांच्यातल्या एक मावशी रोज सकाळी मैदानातला कचरा वेचायच्या, म्हणूनच ती जागा डम्पिंग झाली नव्हती. आम्ही प्रस्तावाच्या नकाशात त्यांची कड सोडून सीमा आखायला सांगितली. क्षेत्र थोडं कमी झालं, पण भांडण झालं नाही आणि कुणी कोर्टातही गेलं नाही. कोळीवाड्याजवळची जागा असेल तर तिथे जाळी वाळतात का, होड्या लागतात का, तेही विचारा. तोही वापरच आहे.

महापालिकेला मागायला लावणं

वॉर्ड ऑफिसपासून सुरुवात करा, सहायक आयुक्तांच्या नावे. पण पत्र तिथे देऊन थांबू नका. जमीन ज्या कामासाठी हवी ते खातं महापालिकेत शोधा: बाग-मैदानासाठी उद्यान खातं, दवाखान्यासाठी आरोग्य, शाळेसाठी शिक्षण. त्या खात्याने 'आम्हाला ही जागा हवी, आम्ही ती विकसित करू आणि सांभाळू' असं लिहिलं की मग मालमत्ता आणि विकास नियोजन विभागाकडून जिल्हाधिकाऱ्यांना मागणी जाते. जमिनीचे विषय महापालिकेत सुधार समितीपुढे येतात. २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर बराच काळ ते अधिकार प्रशासकाकडे होते. नगरसेवक असोत वा नसोत, आमदारांचं पत्रही जोडा, कारण पुढची फाइल मंत्रालयात जाणार आहे.

खातं कचरतं ते पैशाला. 'जमीन घेऊ, पण भिंत कोण बांधणार, माळी कुठून आणणार?' म्हणून अर्थसंकल्पात त्या कामाला तरतूद कशी मिळेल हे आधीच बघा. अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुमारास मांडला जातो, तेव्हा वॉर्डातली मागणी दिवाळीपर्यंत पोचलेली बरी. जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार निधी हेही रस्ते आहेत.

प्रस्तावाच्या जोडपत्रांत कार्डाची नक्कल, नकाशा, डी. पी. रिमार्क, जागेचे तारखेसह फोटो आणि वस्तीत आज काय नाही त्याचा अर्ध्या पानाचा हिशेब असू द्या: शाळा किती, मुलं किती, सर्वांत जवळचं मैदान किती चालत. आम्ही तो हिशेब पायी चालून, घड्याळ लावून काढला होता. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा, क्रीडांगणं ही नागरी संस्थांची कामं म्हणून नोंदलेली आहेत, ती ओळही घाला. जमीन मागणं हा उपकार नाही, नेमून दिलेल्या कामासाठीचं साधन मागणं आहे.

जिल्हाधिकारी कार्यालयात काय होतं

मागणी तहसीलदारांकडे येते. मंडळ अधिकारी जागा पाहून पंचनामा करतात, नगर भूमापन अधिकारी अभिलेखावरून अहवाल देतात, गरज असेल तर मोजणी होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ आणि शासकीय जमिनींच्या विल्हेवाटीचे १९७१ चे नियम यांच्या आधारे प्रस्ताव तयार होतो. शहर जिल्ह्यासाठी त्याच संहितेत वेगळं प्रकरण आहे. कुणी मध्येच मालकी सांगितली तर कलम २० खाली जिल्हाधिकारी चौकशी करतात. कलम ४० ने शासनाला आपल्या अटींवर जमीन देण्याचा अधिकार राखून ठेवला आहे, म्हणून मुंबईसारख्या महाग जमिनीचे विषय बहुधा कोकण विभागीय आयुक्तांकडून मंत्रालयात महसूल व वन विभागाकडे जातात. पैशाचा प्रश्न असला की वित्त विभागाचंही मत घेतलं जातं.

'दिली' या शब्दाचे तीन अर्थ असतात, ते नीट समजून घ्या. कब्जेहक्काने दिली तर महापालिका धारक होते. भाडेपट्ट्याने दिली तर ठराविक वर्षांसाठी. आणि नुसता ताबा किंवा देखभाल दिली तर जमीन जिथल्या तिथे, कार्डावर शासनच. शेवटच्या प्रकारावर समाधान मानू नका, पुढच्या अधिकाऱ्याला ती परत घेणं सोपं जातं. किंमतही वेगवेगळी: विनामूल्य, नाममात्र, किंवा रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांच्या तक्त्याच्या) हिशेबाने. मैदानासारख्या उत्पन्न नसलेल्या कामासाठी विनामूल्य किंवा नाममात्र मागा, आणि ते प्रस्तावातच लिहून घ्या. आदेश लांबणार असं दिसलं तर आगाऊ ताब्याची विनंती करता येते.

या टप्प्यात तुमचं काम एकच. फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते दर पंधरा दिवसांनी विचारायचं, आणि उत्तर तारखेसह वहीत लिहायचं. आमची वही दोनशे पानी होती. 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा आला की त्याच आठवड्यात त्रुटी कोणती ते लेखी मिळवा. एकदा आमचा प्रस्ताव चार महिने अडकला होता तो नकाशावर उत्तर दिशा दाखवली नव्हती म्हणून.

आदेशानंतर

आदेश हातात आला की पेढे वाटण्याआधी अटी वाचा. ज्या कामासाठी जमीन दिली त्याच कामासाठी वापरायची, शासनाच्या परवानगीशिवाय कुणाला द्यायची नाही, ठराविक मुदतीत वापर सुरू करायचा, नाहीतर जमीन शासनजमा. मुदत चुकली तर तो शर्तभंग. मैदानाच्या एका भागात संस्थेला हॉल बांधू देणं, पे अँड पार्क सुरू करणं यातूनही शर्तभंग ओढवतो, म्हणून वस्तीत कुणी असं सुचवलं तर आदेशाची प्रत दाखवा. देखभाल खासगी संस्थेला देण्याचा प्रस्तावही लवकरच येईल. मोकळ्या जागा दत्तक देण्यावरून मुंबईत मोठे वाद झालेले आहेत. जमीन महापालिकेकडे आणण्यासाठी एवढा खटाटोप केल्यावर तिचं कुलूप दुसऱ्याच्या हातात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

ताब्याच्या दिवशी तिथे हजर राहा. आमच्याकडे भूमापक सकाळी साडेदहाला आले, तिपाईवर यंत्र लावलं, आणि एक-एक कोपरा सापडेपर्यंत दुपार झाली. मागच्या बाजूला शेजारच्या इमारतीची भिंत दीड मीटर आत आलेली निघाली. तिथे चुन्याने रेघ मारली, पंचनाम्यात नोंद केली, आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी ताबा पावतीवर गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या केल्या. त्या पावतीवर चतुःसीमा आणि क्षेत्र लिहिलंय ना, ते तिथल्या तिथे बघा. क्षेत्राची जागा कोरी ठेवून 'नंतर भरू' म्हणत असतील तर थांबवा.

सगळ्यात शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. आदेश आणि ताबा पावती घेऊन मालमत्ता पत्रकावर महापालिकेच्या नावाची नोंद करायची असते. ती आपोआप होत नाही. महापालिकेच्या मालमत्ता विभागाने नगर भूमापन कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि तो त्यांनी केला का हे तुम्हालाच बघावं लागतं. आमचं मैदान सुरू होऊन, दोन गोलपोस्ट लागून सात महिने झाले होते तरी कार्डावर शासनाचंच नाव होतं. नोंद झाल्यावर नवीन कार्डाच्या तीन प्रमाणित नकला काढा. एक वॉर्ड ऑफिसच्या फाइलला, एक तुमच्या वहीत, आणि एक प्लास्टिकच्या पाकिटात घालून मैदानाच्या चौकीतल्या भिंतीवर, जुनी गंजलेली पाटी होती त्या बाजूला.